अभिमन फूल

अमळनेरात माझं हार्डवेअरचं दुकान होतं आणि त्याला लागून अभिमन मिस्तरीचा कारखाना. कारखाना म्हणजे डोक्यावर चार पत्रे, खाली एक रंधा आणि मुंबईहून आणलेले तीन कॅटलॉग. त्या तीन कॅटलॉगांच्या जोरावर त्यानं वीस वर्षं अख्खा तालुका सजवला. मुंबईच्या हॉटेलातला पलंग आमच्याकडे कापसाच्या खोलीत जाऊन बसला आणि विलायती ड्रेसिंग टेबलाच्या खणात लोक पापड ठेवू लागले. हात सोन्याचा पण डोकं उसनं, असं लोक त्याच्याबद्दल म्हणत, आणि शिष्टाचार पाळून त्याच्या तोंडावरच म्हणत. त्याला ते फार लागायचं.

"बन्सीभाऊ, एक तरी डिझाइन मना नावनं पाहिजे," असं तो रोज चहाला सांगायचा आणि चहा संपला की कॅटलॉग उघडायचा.

त्यात त्यानं स्वतःला एक नियम लावून घेतला होता. नमुन्यात असेल ते उतरवायचं, आपली अक्कल चालवायची नाही. एकदा खुर्चीवरच्या मोराचं तोंड त्यानं डावीकडचं उजवीकडे केलं होतं, तर गिऱ्हाइकानं खुर्ची आणून दारात उलटी टाकली. तेव्हापासून अक्कल कायमची रजेवर गेली.

सत्त्याऐंशी साली ताईबाई पाटील मुलीच्या आंदणाचा दिवाण करायला आल्या. त्यांना कॅटलॉगातलं काही नको होतं. सासूच्या, म्हणजे भिकुबाई अक्कांच्या पेटीतून त्यांनी लग्नातला शालू काढून आणला होता. काठावर पोपटांची रांग, मधून बारीक वेल. हाच काठ दिवाणाच्या पाठीवर हवा, असा हुकूम झाला. अभिमननं शालूवर बटर पेपर अंथरला आणि आठ दिवस बसून धागा न् धागा उतरवला. दोन पोपटांच्या मध्ये एका जागी आडव्या-उभ्या रेघांचं एक चौकोनी, विचित्र फूल होतं. ते त्याला अजिबात कळलं नाही, म्हणून त्यानं ते सगळ्यात मन लावून कोरलं.

मांडवात आंदण मांडलं आणि बायकांनी पोपटांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पोपट काय, घरोघरी असतात. हे फूल कुठल्याच कॅटलॉगात नव्हतं! दोन वर्षांत पाचोऱ्यापासून धुळ्याच्या देवपूरपर्यंत नवरीचा दिवाण म्हटला की 'अभिमन फूल' हवंच, असं झालं. शालू तर केव्हाच पेटीत परत गेला होता. अभिमननं दारावर 'डिझायनर' अशी पाटी लावली आणि चहाला बसताना मान जरा वर धरू लागला. शालूची आठवण करून द्यायचं माझ्या दोनदा ओठांवर आलं, पण एवढा आनंदी माणूस शेजारी बसण्याची मला सवय नव्हती, म्हणून गप्प राहिलो.

भिकुबाईंना नातीच्या लग्नात मोतीबिंदूमुळे नवरा कोण आणि करवला कोण हेही दिसलं नव्हतं. पुढे ऑपरेशन झालं. जाड भिंगांचा चष्मा लावून त्या एका दुपारी देवघरासाठी पाट सांगायला कारखान्यात आल्या. मी तिथेच बसलो होतो. समोर अर्धा कोरलेला दिवाण उभा होता. अक्का त्याच्याजवळ गेल्या, फुलावर बोट फिरवलं आणि एकदम पदर तोंडाला लावला.

"हाई फूल नही शे रे, अभिमन," त्या हळूच म्हणाल्या. "आठे चूलनी ठिणगी पडनी व्हती. मी चोरीन रफू करेल शे."

अभिमननं पटाशी खाली ठेवली.

"सासूले मरेपर्यंत समजनं नही. चाळीस वरीस निऱ्यासमा दपाडी ठेवं. आन तू बठ्ठा गावना बैठकमा लाई दिधं!" अक्का आधी हसल्या, मग त्यांचे डोळे भरून आले. जाताना म्हणाल्या, "मी कोनले नही सांगत. फूल तुनंच राहू दे. फक्त मनी रफू कोनले सांगू नको."

त्यानंतर महिनाभरातच देवपूरचे एक प्राध्यापक आले. जुन्या कापडांवरची आणि लाकडावरची नक्षी यांवर ते पुस्तक लिहीत होते. पुस्तक म्हटल्यावर अभिमननं त्यांच्यासाठी स्टूल तीनदा पुसलं. त्यांनी फुलाचा फोटो काढला, वही उघडली आणि विचारलं, "हे डिझाइन कोणाचं? नाव छापून येईल."

वीस वर्षं ज्यासाठी माझा चहा प्यायला, ते दारात चालून आलं होतं. मी त्याला कोपरानं ढोसलं.

"भिकुबाई पाटलांचं," अभिमन म्हणाला.

माझ्या दुकानातला सगळ्यात मोठा हातोडा त्याच्या डोक्यात घालावा असं मला वाटलं.

"अरे वा! आणि त्यांना हे सुचलं कशावरून?"

अभिमननं फुलावरचा भुसा फुंकरीनं उडवला. मला वाटलं, आता अक्कांचं गुपित फुटतं.

"फूल पाहूनच सुचलं असेल, साहेब. दुसरं काय?"

प्राध्यापकांनी नाव नीट, पूर्ण लिहून घेतलं. मग भलेपणानं त्यांनी विचारलं, "आणि यात तुमचं काय?"

"मी नुसती नक्कल केली," अभिमन म्हणाला.