झिजलेली तार

विद्यापीठाच्या रसायन विभागात, जिन्याखालच्या खोलीत, काचेची उपकरणं घडवणारे एक गृहस्थ एकतीस वर्षं बसत होते. नळीत फुंकर मारून काच फुगवतात म्हणून सगळे त्यांना फुंकरकाका म्हणत. खरं नाव बायकोला ठाऊक होतं, पण तीही ‘अहो’ म्हणूनच भागवायची.

तिसऱ्या मजल्यावर विभागातल्या एका प्राध्यापक मॅडमची प्रयोगशाळा होती. हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आणून, धूर न करता वीज काढायची, हे तिथलं काम. त्याला प्लॅटिनम लागतं आणि ते परवडत नाही. म्हणून मॅडमची विद्यार्थिनी पाच वर्षं लोखंडाच्या एका काळ्या भुकटीकडून तेच काम करून घ्यायच्या मागे होती. चार वर्षं भुकटीने दाद दिली नाही. पाचव्या वर्षी एकदम अंगात आल्यासारखी वीज वाहू लागली. आजच्यापेक्षा उद्या जास्त, उद्यापेक्षा परवा जास्त. मॅडम शिट्टी वाजवत जिना उतरताना दिसल्या. शोधनिबंध लिहून तयार झाला. सोमवारी तो पाठवायचा होता.

त्याआधीच्या बुधवारी विद्यार्थिनी खाली आली. तिच्या हातात एक तुटलेली काचनळी होती आणि नळीच्या टोकातून प्लॅटिनमची तार लोंबत होती. भुकटीच्या समोर ही तार ॲसिडात बुडवून ठेवायची, म्हणजे विजेचं वर्तुळ पुरं होतं. बाकी तारेचं काम काही नाही.

“काका, नवीन नळीत बसवून द्या ना.”

काकांनी जुनी काच फोडून तार मोकळी केली आणि बोटांत फिरवली. मग चष्मा पुसला. मग तारेची जाडी मोजायचा स्क्रूगेज काढला.

“अगं, ही दोन जाडीची झालीय. काचेत होती तिथे मी दिली तशीच आहे. ॲसिडात होती तिथे बारीक आहे.”

“झिजली असेल.”

“झिजली ती गेली कुठे?”

मुलीने तार हातात घेऊन पाहिली. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. काकांनी तिला स्टूल दिलं.

तासाभराने मॅडम स्वतः खाली आल्या. “तारेतलं प्लॅटिनम सुटून आमच्या भुकटीवर बसतंय, असं म्हणायचंय तुम्हाला?”

“मी फक्त तार बारीक झाली म्हणालो.”

“मग तुम्ही काच सांभाळा. रसायनाचं आम्ही बघतो.”

संध्याकाळी काकांनी घरी सगळं सांगितलं. बायको शर्टाला बटण लावत होती.

“तुम्हाला कोणी विचारलं होतं?”

“नाही.”

“मग बोललात कशाला?”

“तार बारीक झाली होती.”

तिने दोरा दाताने तोडला. “हात दाखवून अवलक्षण. आता पुढे काय?”

“उद्या लवकर जातो.”

गुरुवारी सकाळी काकांनी तसंच एक भांडं घडवलं. फक्त तारेच्या जागी कार्बनची कांडी बसवली. ते तिसऱ्या मजल्यावर नेऊन विद्यार्थिनीच्या टेबलावर ठेवलं आणि खाली आले. तिने नवी भुकटी घेऊन प्रयोग लावला. गुरुवारी वीज जेमतेम वाहिली. शुक्रवारीही तेवढीच. शनिवारी त्याहून कमी. म्हणजे इतके दिवस सगळं काम प्लॅटिनमच करत होतं आणि कौतुक लोखंडाचं होत होतं.

सोमवारी निबंध गेला नाही. विद्यार्थिनी दोन दिवस आली नाही. मॅडमनी शिट्टी वाजवणं सोडलं. पुढच्या आठवड्यात त्या जिन्याखाली आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “कार्बनच्या कांडीची आणखी सहा भांडी लागतील.” काकांनी माफी म्हणून ते ऐकलं, आणि त्यांचं चुकलं नसावं, कारण त्यानंतर मॅडम त्यांना काका म्हणू लागल्या.

सगळं पहिल्यापासून सुरू झालं. दीड वर्षाने लोखंडाच्या भुकटीने खरोखर थोडी वीज दिली. आधीच्या आकड्याचा तिसरा हिस्सा, पण तिची स्वतःची.

विद्यार्थिनीच्या पदवीच्या तोंडी परीक्षेला काका मागच्या रांगेत बसले होते. दर चौथा शब्द त्यांना कळत होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “तुम्ही प्लॅटिनमची तार का टाळलीत?”

“आमच्या काचकारांनी तार मोजली म्हणून.”

“त्यांचं शिक्षण?”

“दहावी, सर.”

परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. काका हळूच उठले. भट्टीत भांडं निवत ठेवलं होतं, तिची आच आता थोडी उतरवायची होती. काच घाईने निवली तर तडकते आणि ती कोणाची पदवी पुरी व्हायची वाट बघत नाही.