वाळू उशीच्या बाजूला

माझ्या आईने चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चादरी धुतल्या. तिचं नाव गावात कुणाला आठवत असेल असं मला वाटत नाही. सगळे तिला लाँड्रीवाली म्हणतात आणि मला लाँड्रीवालीची मुलगी. पन्नाशी उलटली माझी, शहरातल्या एका शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क झाले, पण बसमधून उतरले की मी पुन्हा लाँड्रीवालीची मुलगी. तक्रार नाही, नुसतं सांगते आहे.

आमचं गाव समुद्रावरचं. एके काळी सुट्टी लागली की माणसं इथे लोटायची. अकरा लॉज होते आणि अकराही लॉजच्या चादरी आमच्या मागच्या अंगणात यायच्या. गोंधळ होऊ नये म्हणून आईने प्रत्येक लॉजला एक रंग ठरवून दिला होता. चादरीच्या उशीकडच्या कोपऱ्यात त्या रंगाच्या दोऱ्याचे चार टाके. लाल, निळा, हिरवा करता करता रंग संपले, तेव्हा शेवटच्या लॉजला तिने पांढऱ्या चादरीवर पांढराच दोरा दिला आणि तो ओळखण्याचं काम माझ्या गळ्यात मारलं. शाळेतून आले की मी बोटं फिरवून टाके शोधत बसायचे. मैत्रिणी समुद्रावर, मी चादरींत. त्या वयात मला समुद्राचा नाही, पण समुद्रावर आलेल्या माणसांचा फार राग यायचा.

आईला मात्र चादर म्हणजे वर्तमानपत्र. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, तशी ती सुरकुत्यांवरून माणसांची करायची. वाळू पायथ्याशी असायचीच, कारण समुद्रावरून आलेला माणूस पाय कितीही धुवो, चार कण बरोबर आणतोच. वाळू सगळीकडे असली तर लहान मूल. दोन्ही कडा चुरगळलेल्या आणि मधली इस्त्री तशीच, म्हणजे नवरा-बायको भांडलेत. एकदा तिने मला एक चादर उघडून दाखवली. एका कडेला झोपल्याच्या खुणा, उरलेली अर्धी चादर कोरी, फक्त हात पोचेल तिथे मूठभर सुरकुत्या. "हिच्या शेजारचं माणूस गेलंय," आई म्हणाली. "नुकतंच. झोपेत हात तिकडे जाऊन येतो, बघ." त्या बाई दुपारी आमच्या दारावरून गेल्या, तेव्हा आईने त्यांना हाक मारून उगीचच चहाला बसवलं. मला वाटलं, आपली आई चोंबडी आहे.

मग गाव उतरत गेलं. कुणी म्हणतं, खाडीच्या तोंडाशी बांध घातला तेव्हापासून प्रवाह फिरला. कुणी म्हणतं, लोकांना आता विमानात बसून लांब जायचं असतं. मला एवढंच माहीत आहे की दर वर्षी वाळू थोडी थोडी गेली, खालचे काळे दगड वर आले, आणि दगडांवर बसायला पदरमोड करून कोण येणार? आमच्या घरात हे दोऱ्यांवरून कळलं. आधी निळा यायचा थांबला, मग हिरवा. पांढरा थांबला तेव्हा मला आनंदच झाला. शेवटी लाल तेवढा उरला. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

लाल म्हणजे वरच्या वळणावरचा लॉज. तो चालवणाऱ्या बाईंना गाव काउंटरबाई म्हणतं, कारण नवरा वारल्यापासून त्यांना काउंटरमागून उठलेलं कुणी पाहिलेलं नाही. केस पांढरे, साडीला कडक इस्त्री, आणि नाकावर माशी बसू देणार नाहीत अशा.

आईची पाठ गेली दहा वर्षं कुरकुरत होती, आता ती बोंबलायला लागली होती. वडील होते तोवर ओली चादर पिळायला दोन माणसं होती, दोन टोकांना दोघं. ते गेल्यावर आईने भिंतीत एक लोखंडी हूक ठोकून घेतला. एक टोक हुकाला, दुसरं हातात, आणि पंचाहत्तराव्या वर्षी ती हुकाशी रस्सीखेच खेळते. मी फोनवरून ओरडायचे, माझ्याकडे ये म्हणायचे. उंटावरून शेळ्या हाकणं ते. ती सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "चादरी थांबल्या की येते. ज्या दिवशी गाठोडं येणार नाही, त्या दिवशी."

म्हणून मी गाठोडं थांबायची वाट बघत होते. आणि खरं सांगायचं तर तिच्या पाठीसाठी नाही. सहा महिन्यांपूर्वी माझा नवरा एक बॅग घेऊन घराबाहेर पडला. भांडण नाही, तंटा नाही, दुसरी बाई नाही. "दमलो," म्हणाला, आणि भावाकडे राहायला गेला. एकोणतीस वर्षांनंतर. मुलगा नोकरीसाठी लांब. घरात मी आणि फ्रिजचा आवाज. संध्याकाळी कुलूप उघडायचा मला कंटाळा येऊ लागला होता. मला आई हवी होती, बस. पण तिला यातलं काही सांगायची जीभ रेटेना. "जावई कसे आहेत?" असं तिने विचारलं की मी "बरे आहेत" म्हणायचे. ते खोटंही नव्हतं.

यंदा मी चार दिवसांची रजा टाकली, परतीची दोन तिकिटं काढली आणि गेले. ऐन सीझन होता. बसमधून उतरणारी मी एकटीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षावाल्याने गाठोडं आणून टाकलं. चार चादरी. रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं आणि लॉजच्या चार खोल्या भरलेल्या! आई पायरीवर चादर झटकायला वाकली, तेवढ्यात "आई गं" असा आवाज तिच्या तोंडून निघाला आणि ती कंबर धरून उभी राहिली. मी चादर तिच्या हातातून ओढून घेतली. झटकली. वाळू पडली, पण पडली ती लाल टाके असलेल्या कोपऱ्यातून.

"आई, हा पाहुणा उशीवर पाय ठेवून झोपला की काय?"

मी दुसरी चादर झटकली. तिथेही वाळू उशीच्याच बाजूला. तिसऱ्या चादरीतही तेच, आणि चौथीत वाळूबरोबर एक लांब पांढरा केस. मग मी आधीच्या तिन्ही पुन्हा बघितल्या, तर केस चारही चादरींत होते.

"दे इकडे," आई म्हणाली आणि चादरी टबात टाकून तिने नळ सोडला. मी "जरा पाय मोकळे करून येते" म्हणून निघाले ते थेट वरच्या वळणावर.

काउंटरबाई काउंटरमागे होत्या. समोर रजिस्टर उघडं, चष्मा नाकावर.

"पाहुणे दिसत नाहीत कुठे, बाई?"

"फिरायला गेलेत."

"चारही खोल्यांतले?"

"हो. का गं?"

त्यांच्या पायाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. झाकण अर्धवट लागलेलं. मी वाकून ते काढलं. डब्यात वाळू होती, चांगली चाळलेली. बाईंनी चष्मा काढला. एवढी करारी बाई, पण त्या क्षणी चोरी पकडलेल्या लहान मुलीसारखं त्यांचं तोंड झालं.

"हसू नकोस," त्या म्हणाल्या. "वाळू आता इथे मिळते कुठे? पार टोकाला जावं लागतं, दगडांच्या पलीकडे. माझे गुडघे हे असे. कधी एकदा सुटेन यातून असं होतं, तरी आठवड्यातून दोनदा डबा घेऊन जाते."

"आणि झोपतं कोण चादरींवर?"

"मीच. रोज नव्या खोलीत. नुसत्या हाताने चुरगळल्या तर तुझ्या आईला लगेच कळेल. तिला फसवायचं म्हणजे काय खायचं काम आहे?"

"पण बाई, वाळू तुम्ही उशीच्या बाजूला टाकलीत."

त्या थबकल्या. मग त्यांनी कपाळाला हात लावला. "घडी घातल्यावर टाकते गं मी. कुठलं टोक कुठे गेलं, कोण बघतं! बिछाने घालायला जन्मभर माणसं होती माझ्याकडे."

शेवटचा पाहुणा येऊन दोन सीझन झाले होते. मी त्यांना विचारलं, हा उपद्व्याप कशासाठी? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच अपराधी.

"गाठोडं थांबलं की ती तुझ्याकडे येणार, असं ठरलंय ना तुमचं? मला सांगितलंय तिने. तिथे चार भिंतींत ती काय करील? काम आहे म्हणून उभी आहे ती. तिला बोलू नकोस यातलं."

मी बोलणार नाही असं म्हटलं. आणि उतरतानाच मला माहीत होतं की मी बोलणार. गाठोडं खोटं होतं, म्हणजे माझं काम झालं होतं. आनंद झाला मला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली, पण पाय काही हळू पडले नाहीत.

आई इस्त्री करत होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं: डबा, गुडघे, रोज नवी खोली. तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"सगळं. पहिल्यांदा तर वाळूच नव्हती. त्या वर्षी मी बोलता बोलता म्हटलं, काय बाई, पाहुणे समुद्रावर जात नाहीत वाटतं हल्ली? पुढच्या गाठोड्यापासून वाळू सुरू झाली." तिला हसू आलं, पण ते पाठीपर्यंत पोचलं आणि तिथेच थांबलं.

"मग धुतेस कशाला? धडधडीत स्वच्छ चादरी!"

"मी नको म्हटलं तर त्या सकाळी दार कशासाठी उघडतील? झाकली मूठ आहे त्यांची. ती मी उघडू?" तिने पुन्हा इस्त्री हातात घेतली. "खूप दमायला होतं गं. कधी कधी वाटतं, त्यांनी एकदाचं पाठवू नये. पण पाठवतात, म्हणून धुते."

मी खाली बसले. दोन म्हाताऱ्या, एकीचे गुडघे गेलेले, दुसरीची पाठ मोडलेली, एकमेकींसाठी मरमर मरत होत्या आणि दोघींनाही ते थांबावं असं मनातून वाटत होतं. मला त्यांचा राग आला आणि हेवाही वाटला. माझ्यासाठी कुणी डबाभर वाळू आणली नसती.

आईने हातातल्या चादरीची घडी घातली. मग म्हणाली, "एक काम कर. संध्याकाळी त्या टोकापर्यंत चालत जा, वाळूतून. आणि आज लॉजवर झोप. दोन वर्षं झाली, खरी चादर हातात आली नाही माझ्या."

वेडेपणाच तो, पण गेले. वाळूचा जेमतेम अंगणाएवढा तुकडा उरला होता, त्यावर चार फेऱ्या मारल्या. काउंटरबाईंनी रजिस्टरात माझी नोंद केली, किल्ली दिली आणि "गरम पाणी सकाळी सहा ते आठ" असं ओळख नसल्यासारखं सांगितलं. समुद्राकडची खोली दिली. या गावात जन्मून मी कधी लॉजच्या पलंगावर झोपले नव्हते. सकाळी आठला उठले, चादरीची घडी घातली, काखेत मारली आणि घरी आले.

आईने ती पायरीवर उलगडली. झटकायच्या आधी तिने टाके शोधले, मग पायाकडचं टोक चिमटीत धरून हलवलं. वाळू पडली. "ही खरी," ती म्हणाली आणि चादर पूर्ण पसरून तिच्यावरून हात फिरवू लागली, पूर्वीसारखा. मी चहा ओतत होते.

तिचा हात थांबला.

मी वळून बघितलं. चादरीची एक कड चुरगळलेली होती. दुसरी बाजू अख्खी कोरी, आणि त्या कोऱ्या भागात, हात पोचेल तिथे, मूठभर सुरकुत्या. ती चादर काय बोलते ते मला लहानपणापासून वाचता येत होतं, आणि तरी मी ती स्वतः घडी घालून तिच्यापुढे आणून ठेवली होती.

आईने माझ्याकडे बघितलं नाही. "किती दिवस झाले?" तिने विचारलं.

"सहा महिने."

"कुठे आहेत?"

"भावाकडे."

"आणि माझ्या पाठीचं नाव पुढे केलंस."

मला रडू कोसळलं. सहा महिने आलं नव्हतं ते सगळं आलं, हातातला कप कलंडला, चहा सांडला. आईने मला जवळबिवळ घेतलं नाही, ती तसली बाई नाही. तिने चादर टबात बुडवली आणि साबण लावायला घेतला.

"मला सांभाळायला नेतेस असं वाटायचं मला," ती चादर घासत म्हणाली. "मला कुणी सांभाळायला नको. म्हणून चादरींचं सांगून दिवस ढकलत होते. हे आधीच सांगितलं असतंस तर मिळेल त्या बसने आले असते."

"आणि काउंटरबाई?"

"ही वाळली की इस्त्री करून मीच देऊन येते. सांगते त्यांना, माझ्या लेकीला गरज आहे. त्यांचं तोंड पडेल, मलाही जड जाईल. पण आज रात्रीपासून त्यांना एकाच खोलीत झोपता येईल." तिने चादर दोनदा खळबळून पाण्यातून वर काढली. "दुसरं तिकीट आहे ना?"

"आहे."

सवयीने ती हुकाकडे निघाली. भिंतीपर्यंत गेली, टोक अडकवणार एवढ्यात थांबली, आणि ओलं, जड टोक तिने माझ्या हातात दिलं.

"नीट धर," ती म्हणाली. "लहानपणापासून तुझी पकड ढिली."

ती उलट्या बाजूने पिळू लागली. पाणी माझ्या पायांवर पडत होतं आणि मी दोन्ही हातांनी धरून उभी होते.