मोठी पुढं, धाकटी मागं: सायकलवर बीड ते लिंबागणेश

सगळं सुरू झालं एका लाल सायकलीमुळं. माझी धाकटी जाऊ अश्विनी, तिला तिच्या नवऱ्यानं लग्नाच्या वाढदिवसाला ती घेऊन दिली. इतकी हलकी, की ती एका हातानं उचलून पायऱ्या चढते. त्याच महिन्यात आमच्याही लग्नाचा वाढदिवस झाला. मला मिक्सर मिळाला.

आमच्या घरातली सायकल चालवणारी पहिली बाई मी, हे आधीच नोंदवून ठेवते. डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून सांगितलं तेव्हा मी पतसंस्थेतल्या एका सहकाऱ्याची जुनी गिअरची सायकल घेतली आणि बीडच्या रस्त्यांवर एकटीनं शिव्या, हॉर्न नि खड्डे खाल्ले. अश्विनी वर्षभरानं सायकलवर आली. कानामागून आली नि तिखट झाली. आता गल्लीत पोरं तिला ‘सायकलवाल्या काकू’ म्हणतात, आणि मी पतसंस्थेतल्या मॅडमच राहिले.

लिंबागणेश हे माझं माहेर. बीडपासून साधारण तीस-पस्तीस किलोमीटर: आधी सोलापूरच्या हायवेनं मांजरसुंब्यापर्यंत चढ, मग उजवीकडं पाटोद्याच्या रस्त्यानं गाव. एक मुक्काम करून परत यायचं, असं मी ठरवलं होतं. एकटीनंच. जेवताना मी ते बोलून बसले आणि अश्विनी लगेच म्हणाली, “ताई, मीबी येते!” सगळ्यांना ते इतकं पसंत पडलं की मला नाही म्हणायची सोयच उरली नाही.

निघताना सासूबाई दारात आल्या. त्यांना आम्ही दोघीही आत्या म्हणतो. आत्यांनी दोन्ही सायकलींना हळद-कुंकू लावलं आणि फर्मान काढलं, “मोठी पुढं, धाकटी मागं. रस्त्यात मान सोडू नका.”

आमच्या घरात हे सगळीकडं चालतं. हळदीला, ओवाळायला, पंगतीला, लग्नाच्या फोटोतसुद्धा. रस्त्याला ते कशाला लावायचं, हे त्या वेळी कुणालाच सुचलं नाही. मला तर नाहीच, कारण पुढं राहायला मिळत होतं.

पहिला दिवस

उजाडताच निघालो. तुम्ही निघणार असाल तर तुम्हीही तेव्हाच निघा. दुष्काळाचं साल, त्यात एप्रिल. आठनंतर डांबर तापतं. शिवाय उशीर केला की शहरातून बाहेर पडतानाच दमायला होतं, कारण सगळं बीड पाण्याच्या मागं रस्त्यावर असतं. मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लटकलेले. ते किती बाहेर आलेत याचा चालवणाऱ्याला पत्ता नसतो, आणि ते बरोबर आपल्या गुडघ्याच्या उंचीवर येतात. बार्शी नाक्याच्या अलीकडं असाच एक कॅन माझ्या हँडलला घासून गेला.

“ताई, डावीकडं!” मागून अश्विनी ओरडली.

पुढं एका रिक्षातल्या पाहुण्यांनी न बघता रस्त्याच्या बाजूनं पाय खाली टाकला.

“ताई, रिक्षा!”

दिसत होती मला रिक्षा. मी हा रस्ता ती लाल सायकल दुकानात होती तेव्हापासून ओळखते. पण हायवेला लागलो तरी ते चालूच. ताई ट्रक, ताई बस, ताई दोन आहेत. मी मान वळवून बघितलं तर बाईसाहेब सरळ माझ्या मागं नव्हत्याच. माझ्यापेक्षा हातभर उजवीकडं, रस्त्याच्या अंगाला. मी पांढऱ्या पट्टीच्या आत, कडेच्या मातीला चिकटून, आणि ही ऐटीत बाहेर. येणाऱ्याजाणाऱ्याला लाल सायकल नीट दिसावी ना! माझ्या पोटात जे काही दुखलं ते मी चढाच्या माथी मारलं.

चढ खरंच दमवतो. पालीचा तलाव डाव्या हाताला नेहमी डोळ्यांना गारवा देतो, या खेपेला तळाला पडलेल्या भेगा रस्त्यावरून दिसत होत्या. घाटात मी दोनदा उतरले. अश्विनी उतरली नाही. ती माझ्या मागं मुंगीच्या पावलानं पायडल मारत राहिली.

“जा की पुढं,” मी म्हणाले.

“आत्यांनी सांगितलंय ना.”

“आत्या इथं बघायला आल्यात का?”

“असू द्या ताई. मला मागंच बरं पडतंय.”

बरं पडतंय! ज्याच्या पायात ताकद असते त्याला सगळंच बरं पडतं. चिडून मी पुन्हा सायकलवर बसले आणि उरलेला चढ न उतरता चढले. हे मात्र कुणी मोजलं नाही.

मांजरसुंब्याला ढाब्यावर चहा, पोहे आणि एक प्लेट रबडी दोघींत. सगळं मिळून दोनशेच्या आत बसलं. रबडीसाठी थांबाच, फक्त त्यानंतर लगेच पायडल मारायचा विचार करू नका. शेजारच्या बाजेवर एक पटकेवाले बाबा आमच्या सायकली न्याहाळत होते.

“ताई, हिला क्यारेल कावून न्हाई?”

“ही फिरायची सायकल आहे बाबा, हिला कॅरिअर नसतं.”

“आन् पानी कशावर आनता मग?”

मी रबडीची प्लेट पुढं ओढली. अश्विनी मात्र त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि गावात टँकर कितीदा येतो, बैल कुठं आहेत, सगळं विचारून घेतलं. बैल चारा छावणीत होते, म्हातारीही तिथंच, जनावरांपाशी. निघताना बाबांनी तिला तोंडभर आशीर्वाद दिला. माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. रबडी मी निवडली होती, ढाबा मी निवडला होता, बाबांना पहिला नमस्कार मीच केला होता.

पाटोद्याच्या रस्त्याला वाहतूक कमी, पण तिथं वेगळी भीती. कारखाना उसाअभावी लवकर बंद झालेला. जो काही ऊस शिल्लक होता तो तोडून छावण्यांकडं चालला होता. ट्रॅक्टरला मागं दोन ट्रॉल्या, आणि उसाची वाढी, म्हणजे शेंड्याकडची पाती, दोन्ही अंगांनी रस्त्यावर लोंबलेली. ड्रायव्हर गाणी लावून बसतो, मागची ट्रॉली कुठं झुलतेय हे त्याला बघायचं नसतं. अशा वेळी सरळ थांबा, खाली मातीत उतरा, जाऊ द्या. मी थांबले नाही. मागच्या ट्रॉलीचं पाचट माझ्या गालावरून सपकन फिरलं आणि डोळा थोडक्यात वाचला.

“ताई!” अश्विनीचा आवाज फाटला होता.

“ओरडू नकोस सारखी. दिसतंय मला,” मी म्हणाले. गालावर ओरखडा आला होता आणि मला काही दिसलेलं नव्हतं.

मुक्काम

गावात आधी गणपतीचं दर्शन घेतलं. देवळात गार फरशीवर पाय पसरून बसलो. तिथं मला पाच मिनिटं खरंच बरं वाटलं. मग आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, घ्यायला आले.

अण्णा गावच्या सेवा सोसायटीचे जुने संचालक. आमच्याकडं सोसायटीत कुणाचाही सत्कार होतो. बदली झाली सत्कार, बदली रद्द झाली सत्कार. दोन बाया बीडहून सायकलवर आल्या म्हटल्यावर पंधरा-वीस माणसं गोळा झालीच. खुर्च्या मांडल्या, भिंतीवरच्या संस्थापकांच्या फोटोला हार घातला. माझं बालपण त्या ओट्यावर गेलंय, आणि तिथं आज आपलं नाव पुकारणार म्हणून मी गुपचूप केस नीट केले.

सचिवांनी कपाट उघडलं आणि अण्णांच्या कानाशी लागले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे. “शाल एकच हाय.”

अण्णांनी क्षणाचाही विचार केला नाही. “मग पाहुणीला द्या. ही काय, घरचीच लेक हाय.”

“बरुबर हाय,” सगळे म्हणाले. आणि बरोबरच होतं म्हणा. आमच्याकडं मान पाहुण्याचा, घरच्यांनी पाणी वाढायचं. पण पाहुणीला शाल घालायला बाई पाहिजे होती. आई स्वयंपाकात होती. अण्णांनी माझ्याकडं बघितलं.

“तूच घाल की. घरचीच हायेस.”

तर माझ्या माहेरी, माझ्या वडिलांच्या सोसायटीत, मी माझ्या धाकट्या जावेला शाल घातली. टाळ्या वाजल्या. फोटोत माझी पाठ आली आहे. अश्विनी पुटपुटत होती, “ताई, तुमीच घ्या ना, तुमीच पुढं होतात.” त्यामुळं तर मला जास्तच राग आला. जळणाऱ्या माणसाला समोरचं माणूस वाईट असलं की सोपं जातं.

रात्री आईनं बाजरीची भाकरी, ठेचा आणि पिठलं केलं. अश्विनीला भाकरीवर लोणी वाढलं. मला म्हणाली, “तुला साखर हाय, तू नको खाऊ.” लोण्याचा आणि साखरेचा काय संबंध, हे मी विचारलं नाही.

दुसरा दिवस

परतीला उतार. मी आईच्या हातचा चहासुद्धा अर्धा टाकून निघाले. ठरवलं होतं की आज मी काय आहे ते हिला दाखवायचंच. मांजरसुंब्याला थांबले नाही. घाटात ब्रेक जेमतेम लावले. असं करू नका. उतारावर आपल्याला वाटतं आपण चालवतोय, खरं तर सायकल आपल्याला नेत असते. मागून “ताई, हळू!” येत राहिलं आणि मी ते वाऱ्यावर सोडून दिलं.

शहरात शिरलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि टँकरांची धावपळ ऐन भरात होती. जितक्या खेपा तितकी मजुरी, म्हणून हे ड्रायव्हर गल्लीबोळातही हायवेसारखे चालवतात. मी कडेनं जोरात चालले होते. उजव्या बाजूनं एक टँकर आला, मला मागं टाकायला लागला आणि तसाच, हात नाही की दिवा नाही, डावीकडच्या गल्लीत वळायला लागला. गल्ली माझ्या पुढं होती. माझ्या आणि गल्लीच्या मध्ये टँकरचं मागचं चाक येत होतं.

मला ते चाक आठवतं. त्याच्यावरचा ओला चिखल आठवतो. ब्रेक दाबायचे असतात हे आठवलं नाही.

तेवढ्यात माझ्या नि टँकरच्या मधल्या हातभर जागेत लाल काहीतरी घुसलं. अश्विनीनं एका हातानं टँकरच्या पत्र्यावर धाडधाड थापा मारल्या आणि कुणाच्याही बापाला ऐकू जाईल असं ओरडली, “थांब बे! बाई हाय! थांब!” ब्रेक लागले. टँकर जागच्या जागी हिसकला, वरच्या झाकणातून पाण्याचा लोट आमच्या अंगावर आला. मी भिंतीला टेकून उभी राहिले. अश्विनी खडीवर आडवी झाली.

लोक धावले. आधी पाण्याकडं. कुणी म्हणालं, “पानी सांडलं की हो!” एका आजीनं टँकरच्या गळत्या नळाखाली घागर लावलीसुद्धा. तिला मी दोष देत नाही, तिच्या दारात ते तीन दिवसांनी आलं होतं.

ड्रायव्हर खाली उतरला तेव्हा पांढरा पडला होता. “बाई, आईशपथ, आरशात दिसल्याच न्हाईत ह्या. कडंला व्हत्या.”

अश्विनी खडीवर बसूनच त्याच्यावर कडाडली. “ह्या न्हाई दिसल्या तर मी तरी दिसायला पायजे होते ना! कालपासून मुद्दाम बाहेरच्या अंगानं चालवायलेय. मला बघून गाडी लांबून गेली म्हणजे ह्यांच्यापातूर येणार न्हाई. आज ह्यांनी दमच काढला न्हाई, मला गाठताच येईना. म्हणून तुला ह्यांच्या इतकं जवळ येता आलं!”

कालपासून. कालचा सगळा रस्ता माझ्या डोळ्यांसमोरून गेला. ट्रक, बस, दोन आहेत. ती ऐटीत बाहेर चालत नव्हती. ती माझ्या आणि गाड्यांच्या मध्ये चालत होती. मोठी पुढं म्हणून मी मिरवत होते, आणि मागून येणारी प्रत्येक गाडी आधी तिच्यापर्यंत पोचत होती.

तिचा कोपर चांगलाच सोलला होता. टँकरच्याच पाण्यानं धुतला, रुमाल बांधला. हात हलवला की ती कळवळायची, म्हणून तिच्या पिशवीतली शाल काढून गळ्यातून झोळी बांधली. तिला ती शाल मी दुसऱ्यांदा घालत होते. या वेळी गाठ मी दोनदा ओढून बघितली.

घरी

तुम्हाला वाटेल, इथं माझा हेवा गळून पडला. नाही. आत्यांनी तिला हळदीचं दूध दिलं, दिरानं डॉक्टर आणला, गल्ली लोटली, आणि एका कोपऱ्यात उभी राहून मी गालावरचा माझा ओरखडा चाचपत होते. मला तिच्या जखमेचासुद्धा हेवा वाटला. जिच्यासाठी कुणी पडावं अशी मी होते, पण जी कुणासाठी पडते अशी ती होती. हे मला झोपू देईना.

तिचा कोपर बरा झाल्यावर आम्ही पुन्हा सकाळी बाहेर पडलो. मी माझ्या सायकलला उजवीकडं आरसा बसवून घेतला आहे, तुम्हीही बसवा. आत्या नेहमीप्रमाणं दारात.

“मोठी पुढं,” त्या म्हणाल्या.

“नाही आत्या,” मी म्हणाले. “आज मोठी मागं.”

“ताई, असं कसं? मागं मी!” अश्विनी म्हणाली.

“तू पुढं हो म्हटलं ना!”

गल्लीनं दोन जावांना आजवर पुढच्या जागेवरून भांडताना पाहिलं होतं, मागच्या जागेवरून पहिल्यांदाच. शेवटी मान मोठीचा. अश्विनी पुढं झाली.

नाक्यावर चहाच्या टपरीपाशी कुणीतरी म्हणालं, “बघा, धाकटी लई पुढं निघाली.” मला झोंबलं. चांगलंच झोंबलं. तेवढ्यात आरशात टँकर दिसला.

“अश्विनी, मागून टँकर!” मी ओरडले, आणि सायकल हातभर उजवीकडं घेतली.