घासलेल्या काचा

टोमॅटोच्या पानांचा तो हिरवा, उग्र वास बोटांना लागला की मला लंडनजवळच्या हॅरोमधलं ते काचघर आठवतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या, आता कुणालाच ठाऊक नसलेल्या एका फोटोग्राफरचा मी माग काढत होते. त्याने काढलेलं एकच पोर्ट्रेट माझ्याकडे होतं आणि त्याच्या मागे छापलं होतं, ‘निगेटिव्ह आमच्याकडे जपून ठेवली आहे.’ शोधता शोधता कळलं, की धंदा बुडाल्यावर त्याच्या निगेटिव्हच्या काचा एका माळ्याने नेऊन काचघराला बसवल्या; त्या काळी निगेटिव्ह काचेवरच असायच्या. ते काचघर ज्या घराच्या बागेत होतं, तिथे आता एक मराठी काकू राहायच्या, म्हणून मी मोठ्या आशेने गेले. काचघर उन्हाने भरून गेलं होतं. “लख्ख आहेत ना?” काकू कौतुकाने म्हणाल्या. “गेल्या दिवाळीच्या साफसफाईत गरम पाण्याने, सोडा घालून घासल्या. काय ते काळे डाग! कोपऱ्यातल्या काचेवर तर बाईचा चेहरा दिसायचा गं. लक्ष्मीपूजनाला असलं काही नको, म्हणून ती जरा जास्तच घासली.” “छान निघाल्यात,” मी म्हणाले. निघताना त्यांनी पिशवीभर टोमॅटो दिले. ते पोर्ट्रेट अजून माझ्या टेबलावर आहे. मागची ओळ दिसू नये म्हणून फ्रेममध्ये घालून टाकलंय.