दिगंबर, दुपट्टा आणि कॅनियनमधलं गाढव

दिगंबर नागपूरचा, त्यामुळे ऊन ही त्याला घरचीच वस्तू वाटायची. अमेरिकेत सनीव्हेलमध्ये चिप डिझाइन करता करता त्याचं पोट सुटलं, डॉक्टरांनी शुगरवरून कान उपटले, तेव्हा त्याने एकदम शर्यतीची सायकलच आणली. चाळिशीनंतर काही पुरुषांना असं होतं. त्यावर औषध नाही.

सायकलसोबत पेडलमध्ये अडकणारे बूटही आले. पाय सोडवायचा तर टाच बाहेर झटकावी लागते. पहिल्याच सिग्नलला तो हे विसरला आणि उभ्या जागी, अगदी सावकाश, कलंडला. गुडघा सोलून निघाला. त्याची बायको सुनेत्रा आधी रडली, मग चिडली.

"यापुढे तुला नुसतं खरचटलं ना, तरी सायकल विकायची," तिने बजावलं.

दिगंबरने अट मान्य केली. न करून सांगतो कुणाला? पण सायकलवर त्याचा जीव जडला होता. चढ चढताना त्याला पंचविशीतल्यासारखं वाटायचं, आणि या वयात असलं काही बायकोला सांगायची सोय नसते.

मे महिन्याच्या लाँग वीकेंडला दोघं नेवाडात गेली. तिथे लाल खडकांच्या कॅनियनमधून एकेरी वाहतुकीचा एक रस्ता जातो, तो त्याला सायकलवर करायचा होता. थाट बघण्यासारखा होता. भडक पिवळं जाकीट, मागे लाल दिवा, गळ्यात शिट्टी. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा, आणि डोक्याकानांवरून नागपुरी पद्धतीने गुंडाळलेला पांढरा दुपट्टा. त्यावर हेल्मेट.

"लोक पोलीस बोलावतील रे," सुनेत्रा म्हणाली.

"बोलावू दे. हे काय ऊन आहे? आमच्याकडे एवढ्या उन्हात लग्नं लागतात."

तो निघाला. त्याच्यामागे हॅझार्डचे दिवे लावून, बैलगाडीच्या वेगाने सुनेत्राची गाडी. ओव्हरटेक करणारा प्रत्येक जण आधी त्याच्याकडे आणि मग कीव येऊन तिच्याकडे बघायचा.

चढ तो झकास चढला. उतारावरही शहाण्यासारखे ब्रेक धरून आला. पण एका वळणावर पाच-सहा रानगाढवं रस्ता आपल्या तीर्थरूपांचा असल्यासारखी उभी होती. दिगंबर थांबला. टाच झटकली, पाय निघेना. पुन्हा झटकली, तरी निघेना. सायकल डावीकडे झुकायला लागली आणि ती विकत घेणारा माणूससुद्धा त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

तेवढ्यात उजवीकडच्या गाढवाने त्याचा खिसा हुंगला, कांद्याला नाक मुरडलं आणि दुपट्ट्याचं लोंबतं टोक दातात धरून ओढलं. सायकल सरळ झाली. गाढव एकीकडे ओढतंय, दिगंबर दुसरीकडे कलतोय, आणि त्या ओढाताणीत दोघांचा तोल उत्तम सांभाळला गेला.

मागून सुनेत्राला गाढवाच्या दातातलं दुपट्ट्याचं टोक दिसत नव्हतं. तिला दिसला तो गाढवांच्या घोळक्यात पाय न टेकता शांतपणे थांबलेला नवरा. गाडी कडेला लावून ती कौतुकाने त्याच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली.

"कमाल आहे तुझी. मी उगाच घाबरत होते."

"सुनेत्रा," तो ओठ न हलवता म्हणाला, "मला धर."

"इथे? लोक बघतायत."

गाढवाने दुपट्टा सोडला.

दिगंबर सायकलसकट तिच्या अंगावर आला. पडल्यावर पाय मात्र आपोआप सुटले, ते सुटतातच. उठून त्याने स्वतःला चाचपलं. एकही ओरखडा नव्हता. मग त्याने सुनेत्राचं कोपर पाहिलं. ते चांगलंच खरचटलं होतं, रक्त आलं होतं.

"विकून टाकू सायकल," तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. "आजच. मला नको ती."

सुनेत्राने कोपरावर फुंकर घातली.

"मघाशी चढावर तू गात होतास," ती म्हणाली. "माझी खिडकी उघडी होती. किती वर्षांनी ऐकलं."

"अगं, पण तुझा हात..."

"अट तुझ्या खरचटण्याची होती. माझ्याबद्दल काही ठरलं नव्हतं. चल, बस सायकलवर."