फौजदाराची जागा

जेवणं आटोपली आहेत, ओटा पुसून झाला आहे, आणि शैलजा हॉलमधल्या दिवाणावर जरा पाठ टेकते. झोपायचं नाही असं तिने ठरवलंय, पण सांगलीची दुपार कुणाचं ऐकते? पंखा घरघरतो, डोळे मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात. दिवाणाखाली फौजदार पसरला आहे. नाव फौजदार आणि जीव मात्र बाजाराच्या पिशवीत मावेल एवढा. पांढराशुभ्र पॉमेरेनियन, वय वर्षं सहा.

हा तिच्या नणंदेचा, प्रमिलावन्संचा कुत्रा. वन्सं कराडला एकट्या राहायच्या, मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. दिवाळीच्या आधी त्या गेल्या. दवाखान्यात शैलजाचा हात धरून त्यांनी एवढंच मागितलं होतं, "याला कुणाच्या दारात बांधून ठेवू नका." शैलजाने शब्द दिला, आणि तेव्हापासून फौजदाराने तिच्या नाकी नऊ आणले आहेत. कराडच्या घरात ज्याने कधी थेंब सांडला नाही, तो इथे देवघराशेजारच्या कोपऱ्यात रोज पाय वर करतो. बाहेर फिरवून आणलं तरी घरात येऊन तिथेच. हा सूड उगवतोय, असं शैलजाला वाटतं. तू माझी बाई नव्हेस, हेच तो रोज ऐकवतोय.

आज सकाळी तिच्या नवऱ्याने, दिगंबररावांनी, निकाल देऊन टाकला. उद्या ओळखीचा पोल्ट्रीवाला येऊन त्याला घेऊन जाणार. शेडच्या दारात साखळीला राहील, म्हणे राखणीला. हा काय राखणार! कोंबड्यांनाच याला राखावं लागेल.

"आत येऊ का? पाय धुळीचे आहेत."

दारात वन्सं उभ्या आहेत. केस काळेभोर, गळ्यात शाळेची शिट्टी. शैलजाला नवल वाटत नाही. यांना आता काय सांगायचं?

"या ना वन्सं. चहा टाकते."

"नको गं. आता चालत नाही."

तरी शैलजा स्वयंपाकघरात जाते, तर तिथे कृष्णेचा घाट आहे. पायऱ्या खाली उतरत गेल्यात, ऊन पडलंय, आणि मधल्या पायरीवर तिचं देवघर. निरांजन तेवतंय. वारा आहे, पण ज्योत हलत नाही. अगदी खाली फौजदार पाणी पितोय.

"उद्या नेणार ना त्याला?" वन्सं विचारतात.

शैलजाला रडूच फुटतं. "मी शब्द दिला होता हो. सगळं करून पाहिलं. रागावले, गोंजारलं. तो माझं ऐकतच नाही."

"ऐकत नाही? बघू तरी."

वन्सं देवघराच्या कोपऱ्याशी उकिडव्या बसतात आणि नाक खाली नेऊन चक्क हुंगतात.

"इथं पुसतेस कशानं?"

"ओल्या फडक्यानं. आणि देवाजवळची जागा ना, म्हणून वरून बाटलीतलं गोमूत्र शिंपडते. एक दिवस चुकवलं नाही."

 वन्सं पोट धरून हसायला लागतात. घाटाच्या पायऱ्या आता शाळेचे बाक झालेत, आणि दोन वेण्या घातलेल्या मुलीही हसताहेत.

"अगं शैला, एकाचं पुसून तिथं दुसऱ्याचं शिंपडतेस!"

"पण ते पवित्र असतं."

"तुझ्या-माझ्या लेखी. त्याच्या नाकाला कुठं पोथी वाचता येते? त्याला वाटतं, बाईंनी जागा दाखवली. इतका आज्ञाधारक कुत्रा! रोज तू सांगतेस, रोज तो ऐकतो."

शैलजा मटकन बाकावर बसते. इतक्या महिन्यांचं काहीतरी छातीवरून उतरतं.

"म्हणजे त्याला माझा राग नाही?"

"राग असता तर तुझ्या दिवाणाखाली झोपला असता का?"

"आणि तुम्हाला?"

वन्सं तिच्या पाठीवर हात ठेवतात. "मला कसला राग येतोय? तुझ्या घरात आहे म्हणून मी निवांत आहे." मग त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा होतो. "कोपरा व्हिनेगर-पाण्यानं पूस, वास पार जाईपर्यंत. खाल्लं की आणि झोपून उठला की खाली ने. आणि फरफटवू नकोस, एका जागी उभी राहा."

"लोक बघतात हो."

"बघू देत. झालं की तिथल्या तिथं शाबासकी दे, घरी येऊन नव्हे. थोडे दिवस लागतील. पोर नवीन शाळेत आलंय."

त्या तिच्या तळहातावर एक फुटाणा ठेवतात आणि मूठ मिटवतात. त्यांचा हात उबदार आहे. मग शिट्टी वाजते, बारीक, लांबलचक, थांबतच नाही.

शैलजा डोळे उघडते. शिट्टी नव्हे, फौजदार दाराशी कुंईकुंई करतोय.

ती तशीच उठते, दिगंबररावांच्या चपला पायात सरकवते आणि त्याला खाली नेते. आज पळापळ नाही. शेवग्याच्या झाडाखाली ती नुसती उभी राहते. फौजदार वास घेतो, गोल फिरतो, एकदा तिच्याकडे बघतो आणि पाय वर करतो. बराच वेळ.

"शाब्बास! शाब्बास रे फौजदारा!" ती एवढ्या जोरात ओरडते की फाटकावरचा वॉचमन खुर्चीतून उठतो.

गॅलरीत दिगंबरराव येतात. "काय झालं गं?"

"अहो, पोल्ट्रीवाल्याला फोन करा. उद्या येऊ नका म्हणावं."

"अगं पण सकाळीच ठरलं ना आपलं?"

"त्याचं काही चुकत नव्हतं. माझीच बाटली चुकत होती. वर आले की सांगते."

दिगंबरराव तिच्याकडे, मग कुत्र्याकडे बघतात, आणि फोन आणायला आत जातात.

फौजदार तिच्या मिटलेल्या उजव्या हाताला नाक लावतोय. मूठ अजून घट्टच आहे, हे शैलजाच्या आत्ता ध्यानात येतं. ती बोटं उघडते. आत एक फुटाणा आहे. दिगंबररावांना कवळी बसल्यापासून या घरात फुटाणे आलेले नाहीत.

फौजदार तो कुडुमकुडुम खाऊन टाकतो. तळहाताला त्याचं पातळ पिवळं साल तेवढं चिकटून राहतं. शैलजा तो हात पदराला पुसत नाही.