भाऊनं सांगितलेला शेवट

"ताई, हे गच्चीवरून खाली येऊनच नाही राहिले." वहिनीचा फोन आला तेव्हा मी उमरेडला अंगणात बसून वाळल्या मिरच्यांची देठं खुडत होते. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी करपली म्हणून सांगावं तसा. मी म्हटलं, "आवाज द्या ना मंग, वहिनी." "वर जाऊन आली मी," एवढंच ती म्हणाली. तेव्हा कुठं मला समजलं. माझा मोठा भाऊ प्रभाकर प्रतापनगरच्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर, जुन्या अँटेनाच्या पाइपाला पाठ टेकून उन्हात बसला होता, आणि बसल्या बसल्याच गेला. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. हात धुवायचंही सुचलं नाही, तशीच एसटीत बसले. बोटं मिरचीनं चुरचुरत होती, डोळे पुसायचीसुद्धा सोय नव्हती.

त्या पाइपाचं आणि भाऊचं नातं जुनं. आमच्याकडे टीव्ही आला तेव्हा तो कॉलेजात होता आणि मी शाळेत. रविवारी सकाळी अर्धी गल्ली आमच्या समोरच्या खोलीत येऊन बसायची, कारण तेव्हा घोडेस्वारांची एक परदेशी मालिका लागायची. मोठी टोपी, कमरेला पिस्तूल, नुसता धुरळा, आणि दर आठवड्याला नवं गाव. बोलणं सगळं इंग्रजी. कोणालाच धड कळायचं नाही, बाबा मात्र कळल्यासारखी मान हलवायचे. ऐन मारामारीत पडद्यावर मुंग्या यायच्या. मग भाऊ गच्चीवर पळायचा, पाइप फिरवायचा आणि वरून ओरडायचा, "आलं का?" खालून आम्ही सगळे, "आलं, आलं... गेलं." ती मालिका सगळ्यांत जास्त आवडायची त्याला, आणि सगळ्यांत कमी पाहिली त्यानंच. नंतर मी त्याला गोष्ट सांगायचे. तो ती ऐकता ऐकताच दुरुस्त करायचा, घोड्यांना नावंसुद्धा द्यायचा. माझ्या डोळ्यांदेखत माझीच गोष्ट मला परकी व्हायची, आणि मी चिडले की तो आणखी खुलायचा.

एका रविवारचा भाग मात्र वेगळा होता. घोडेस्वार एका गावात शिरतो आणि गावात माणूसच नाही. चुलीवर भांडी उकळताहेत, दोरीवर कपडे ओले आहेत, पाळणा हलतो आहे, पण माणूस नाही. शेवटी तो एका घराचं दार वाजवतो, दार हळूहळू उघडायला लागतं... आणि लाइन गेली. सगळी खोली हळहळली. तेवढ्यात भाऊ जिन्यावरून खाली आला आणि आम्ही काही सांगायच्या आत म्हणाला, "दारामागं तोच असते. म्हातारा होऊन बसला असते. दोन ताटं मांडली असते. म्हणते, ये गा, लय उशीर केला." मी विचारलं, "तुले काय माहीत?" तो सहज म्हणाला, "वरून दिसलं मले." आई त्याच्यावर डाफरली, लेकरांना काहून भेवाडून राहिला म्हणून. मी मात्र कितीतरी दिवस दार वाजलं की उघडायला जात नव्हते. गंमत अशी, की माझी प्रत्येक गोष्ट बदलणाऱ्या माझ्या भावानं हा शेवट जन्मभर एका शब्दानंही बदलला नाही. लग्नात वहिनीला सांगितला, पुढं मुलीला, रश्मीला सांगितला, तोही असाच.

मागच्या दिवाळीत रश्मीनं तो भाग इंटरनेटवर शोधून काढला. भाऊनं मोबाइल तिच्या हातात परत ठेवला. "राहू दे वं. पाहून टाकलं त मंग काय उरते?" असं म्हणून तो सीताबर्डीला काहीबाही आणायला निघून गेला. आम्ही हसलो.

तेरवी झाली तरी मी वहिनीजवळ राहिले, कारण तिला झोप नव्हती. जिन्याचं दार तिनं त्या दिवसापासून कडी लावून बंद ठेवलं होतं, कपडे अंगणात वाळत होते. एका दुपारी भाकरी थापता थापता ती मला म्हणाली, "ताई, त्या दिवशी यांनी आवाज देला होता वरून." काय म्हणून, मी विचारलं. "आलं का, म्हणे. मले वाटलं, शेजाऱ्यासंगं बोलून राहिले. मी काही बोललीच नाही." तवा तापत होता आणि भाकरी तिच्या हातातच राहिली. अँटेना काढून पंचवीसएक वर्षं झाली असतील. वर नुसता पाइप उरला आहे, त्यावर कावळे बसतात. मी तिला भास झाला असेल म्हटलं. माझं मलाच ते पटलं नाही.

मग रविवारी तीच म्हणाली, "लाव वं रश्मी. यांनी काय पाहिलं होतं, ते पाहू दे मले." रश्मीनं मोठ्या टीव्हीवर लावलं. तेच गाव, तीच उकळती भांडी, तोच पाळणा. वहिनीनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. दार उघडलं. आत टेबल होतं आणि टेबलावर दोन ताटं होती. म्हातारा नव्हता. दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. घोडेस्वार बसला, टोपी काढून ठेवली आणि जेवायला हात पुढं करणार तोच थांबला. मान वर करून छताकडं पाहत राहिला, वर कोणी चालतं आहे असं वाटून पाहावं तसा... तिथंच तो भाग संपला.

आणि आमच्या डोक्यावर पाइप करकरला. लोखंडात लोखंड फिरतं तसा, सावकाश, अर्धा फेरा. बाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं. रश्मी माझ्याकडं पाहायला लागली. वहिनी उठली. जिन्यापाशी गेली, कडी काढली आणि शेजारणीला सांगावं तशा नेहमीच्या आवाजात वर पाहून म्हणाली, "आलं हो, आलं. या आता खाली."

करकर थांबली. वहिनी आत जाऊन आडवी झाली आणि थोड्या वेळात तिला गाढ झोप लागली. मी हिय्या करून गच्चीवर गेले. पाइप गंजून भिंतीच्या लोखंडी कड्यात पार अडकून बसला आहे. दोन्ही हातांनी जोर लावून पाहिला, तसूभर हलला नाही. तळहात लाल झाले ते तसेच घेऊन खाली आले. जिन्याचं दार मी नुसतं लोटून घेतलं. कडी लावली नाही.